सिकलसेल : दुखणे रक्तातले, विषमता समाजातली

(संस्थेच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात आरोग्य समितीच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दीर्घकालीन आजार आणि आरोग्यातील समता या विषयावर बोलण्याची आज्ञा संस्थेने आम्हाला केली. विषय मोठा आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा, मूत्रपिंडाचे विकार असे कितीतरी आजार त्यात येतात. परंतु वेळ थोडा आहे. म्हणून आपल्या विदर्भाच्या घराघरात असलेल्या आणि तरीही आपण ज्याचे नाव मोठ्याने घेत नाही अशा एकाच आजाराविषयी बोलण्याचे आम्ही ठरविले. तो आजार म्हणजे सिकलसेल.

प्रारंभीच एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आपल्याच अभ्यासिकेत एक मुलगा येत असे. अभ्यासात हुशार, वागण्यात नम्र. पण हिवाळा लागला की आठ-आठ दिवस गैरहजर. विचारले तर खाली मान घालून म्हणे, "अंग दुखत होतं." अभ्यासिकेचा नियम होता की महिन्यात ठराविक दिवस हजेरी नसेल तर जागा दुसऱ्याला द्यायची. नियम सर्वांना सारखा. आम्ही त्याची जागा काढून घेतली. पंधरा दिवसांनी त्याची आई आली. तिच्या हातात दवाखान्याच्या कागदांची जाडजूड पिशवी होती. ती भांडली नाही. फक्त एवढेच म्हणाली, "भाऊ, तो आळशी नाही जी. त्याला सिकलसेल आहे. तुम्हाला सांगायला लाज वाटे त्याला." आम्ही जागा परत दिली, पण परीक्षेचे ते वर्ष गेले ते गेलेच.

त्या दिवशी आम्हाला दोन गोष्टी कळल्या. सर्वांना सारखा नियम लावला म्हणजे समता झाली, असे होत नाही. आणि आजार लपविण्याची लाज त्या मुलाने जन्मतः आणलेली नव्हती, ती आपण समाजाने त्याला दिलेली होती. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. पुढचे सर्व त्याचे स्पष्टीकरण समजावे.

आजार काय आहे?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिन हा पदार्थ शरीरभर प्राणवायू पोचवितो. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनच्या रचनेत एक अगदी लहान फरक असतो. प्राणवायू कमी पडला की अशा पेशी ताठर होतात आणि विळ्यासारख्या वाकतात. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाला कायमचा रक्तक्षय असतो आणि डोळे पिवळे दिसतात. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की त्या भागाला रक्त मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. लहान मुलांचे हात-पाय सुजतात. पुढे प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड, डोळे, खुब्याचे हाड यांवर परिणाम होतो, आणि काही मुलांना लहान वयातच पक्षाघात होतो.

डोळे पिवळे म्हणून कावीळ समजून झाडपाल्याचे औषध दिले जाते. सांधे दुखतात म्हणून संधिवात समजला जातो. पोर एकाएकी कळवळून ओरडते म्हणून करणी समजून मांत्रिकाकडे नेले जाते. खरे नाव कळेपर्यंत घरची कोंबडी-बकरी विकली गेलेली असते आणि मुलाची काही वर्षे वाया गेलेली असतात.

विज्ञानाला मात्र हा आजार फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ग्रेनाडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील अशा पेशींचे वर्णन डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला, आणि मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शुक्ला व सोळंकी यांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे आपल्या भागात हा आजार आहे, ही गोष्ट शास्त्राला साठ वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. ती आपल्या वस्तीतील आईपर्यंत पोचायला एवढा काळ का लागावा, हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नसून सामाजिक न्यायाचा आहे.

वाहक आणि रुग्ण यांतील भेद

विद्यार्थी मित्रांनी हा भाग नीट लक्षात ठेवावा. प्रत्येकाला हिमोग्लोबिनचा एक गुणधर्म आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. दोन्ही निर्दोष असतील तर तो एए. एकच सदोष असेल तर तो एएस, म्हणजे वाहक. दोन्ही सदोष असतील तर तो एसएस, म्हणजे रुग्ण. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते. ती शेतात राबते, नोकरी करते, म्हातारी होते आणि बहुधा आपण वाहक आहोत हे तिला ठाऊकही नसते.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष होण्याची २५ टक्के असते. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पहिले मूल रुग्ण झाले, आता पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब कित्येक घरांत केला जातो. तो चुकीचा आहे. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते. याउलट वाहकाचे लग्न निर्दोष व्यक्तीशी झाले तर मुले वाहक होऊ शकतील, पण सिकलसेलचा एसएस रुग्ण त्यांत होत नाही.

येथे सुनांच्या वतीने एक शब्द बोलणे आम्हाला आवश्यक वाटते. मूल आजारी निघाले की "हिच्या माहेरचं रक्त खराब" असे म्हटले जाते. एसएस मुलाला एक दोष आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला असतो, अगदी सारख्या मापाने. हे साधे शास्त्र घराघरात पोचले असते तर कित्येक मुली माहेरी परत आल्या नसत्या.

हा 'एका जातीचा' आजार आहे काय?

हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर मोठ्याने दिले पाहिजे. विदर्भात हा आजार पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात पुष्कळ आढळतो, हे खरे आहे. तो गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत आढळतो. तो कुणबी, तेली आदी समाजांतही आढळतो. सातपुड्यात भिल्ल-पावरा बांधवांत आढळतो. भारताबाहेर आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस, दक्षिण इटली येथेही आढळतो.

याचे कारण १९५४ मध्ये अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासावरून पुढे आणले. वाहक व्यक्तीला मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. जेथे हजारो वर्षे मलेरियाने माणसे मरत होती, तेथे वाहक अधिक संख्येने जगले आणि हा गुणधर्म टिकून राहिला. म्हणजे ही जंगल आणि डासांशी लढून जगलेल्या पूर्वजांची खूण आहे. पूर्वजन्मीचे पाप, देवीचा कोप किंवा रक्ताचा हीनपणा यांचा येथे काडीचाही संबंध नाही.

जातीचा एका बाबतीत मात्र संबंध येतो. बाबासाहेबांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मूळ लक्षण म्हणून स्वजातीय विवाहावर बोट ठेवले होते. पिढ्यान्‌पिढ्या विवाह एकाच लहान वर्तुळात होत राहिले तर दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. म्हणून जातीच्या भिंतीने कोणाचे रक्त शुद्ध ठेवलेले नाही, उलट आजार मात्र आत कोंडून ठेवला आहे. अर्थात आंतरजातीय विवाह केला म्हणजे तपासणीची गरज संपली, असेही नव्हे. दुसऱ्या समाजातील जोडीदारही वाहक असू शकतो. तपासणी सर्वांनीच करावी.

उपाय आहेत, पण पोचतात कोणाला?

या आजाराला काही इलाजच नाही, असे अजूनही ऐकू येते. मुळातून बरा करणारा उपचार सर्वांच्या आवाक्यात नाही हे खरे. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता आणि मोठा खर्च लागतो. जनुक संपादनावर आधारलेल्या उपचाराला अमेरिकेत ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता मिळाली. त्याची तेथील जाहीर किंमत सुमारे २२ लाख डॉलर होती. शेतमजुराच्या मुलाने त्याकडे आकाशातील चांदणीसारखे पाहावे, एवढेच सध्या हातात आहे.

परंतु त्रास कमी करणारे आणि आयुष्य वाढविणारे स्वस्त उपाय आहेत. लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यास न्यूमोकॉकस जंतूचा गंभीर संसर्ग कितीतरी कमी होतो. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ही घट ८४ टक्के होती. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके जवळपास निम्म्यावर येतात, हे १९९५ मध्येच सिद्ध झाले. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वेळोवेळी रक्त तपासून घ्यावे लागते. याखेरीज फॉलिक अॅसिडची गोळी, लसीकरण, भरपूर पाणी, थंडीपासून आणि अतिश्रमापासून बचाव, आणि ताप आला की घरी न थांबता तातडीने दवाखाना, ही पथ्ये आहेत. रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांना न विचारता लोहाच्या गोळ्या किंवा इंजेक्शने मात्र घेऊ नयेत.

आता या स्वस्त उपायांचा मार्ग कोठे अडतो ते पाहा. बाह्यरुग्ण विभाग सकाळी उघडतो आणि दुपारी बंद होतो. वेळ सर्वांना सारखी. पण दूरच्या खेड्यातून निघालेली एस.टी. पोचते तेव्हा रांग संपत आलेली असते. आईची त्या दिवसाची रोजी बुडते. गोळ्या संपल्या आहेत, पुढच्या आठवड्यात या, असे सांगितले जाते, म्हणजे पुन्हा तिकीट आणि पुन्हा रोजी. दोन-तीन फेऱ्यांनंतर ती येणे सोडून देते. कागदावर मात्र 'रुग्ण औषध घेत नाही' असा शेरा पडतो. दीर्घकालीन आजाराचे हेच वैशिष्ट्य आहे. अपघातात एकदा मदत केली की काम भागते. येथे मदत दर महिन्याला, जन्मभर पोचावी लागते. साखळीची एक कडी तुटली की सर्व तुटते, आणि ती नेहमी गरिबाच्याच घराजवळ तुटते.

शाळेतही असेच घडते. या मुलांना पाणी जास्त प्यावे लागते आणि मूत्रपिंडावर परिणाम झाल्याने लघवीला वारंवार जावे लागते. वर्गात बाटली ठेवू न देणारा, तासाला बाहेर न सोडणारा शिक्षक नकळत त्या मुलाला वेदनेच्या झटक्याकडे ढकलत असतो. वसतिगृहात एखादा मुलगा अंथरूण ओले करतो म्हणून त्याची थट्टा होते. थट्टा करणाऱ्यांना ठाऊक नसते की तो आजाराचा भाग आहे.

शासनाने काही पावले टाकली आहेत, त्यांची माहिती घराघरात हवी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. ठरलेल्या निकषाप्रमाणे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्यास उच्च शिक्षणातील राखीव जागांसाठी पात्र ठरता येते. मात्र त्याच कायद्यातील शासकीय नोकऱ्यांच्या चार टक्के आरक्षणात रक्तविकारांचा समावेश नाही. हात धरून दारापर्यंत आणावे आणि दार लावून घ्यावे, तसे हे झाले. यासाठी सनदशीर मार्गाने मागणी करीत राहिले पाहिजे.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंत हा आजार संपविण्याचे आणि बाधित आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले. आदिवासी बांधवांना अग्रक्रम मिळाला, तो योग्यच आहे. त्यांच्या ताटातले काढून आम्हाला द्या, असे आपण कधीही म्हणणार नाही. परंतु आजार जातीचा दाखला पाहत नाही, तेव्हा विदर्भातील बौद्ध आणि इतर मागास वस्त्यांतही तीच तपासणी आणि तीच औषधे नियमित पोचावीत, असा आग्रह धरणे आपले कर्तव्य आहे. शिवाय निर्मूलन आजाराचे करायचे आहे. आज जे रुग्ण आपल्यात जगत आहेत, त्यांची सेवा त्या शब्दाखाली झाकली जाता कामा नये.

तपासणी आणि भीती

तपासणी म्हटले की लोक कचरतात. त्यांच्या भीतीला आधार आहे, हे आपण मान्य करू. ग्रीस देशातील ऑर्कोमेनोस या गावात गेल्या शतकात सर्वांची सिकलसेल तपासणी झाली आणि वाहकांना सल्ला देण्यात आला. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा दिसले की वाहक मुलामुलींना कमी लेखले जाऊ लागले होते, म्हणून त्यांनी आपला अहवाल लपवून लग्ने केली होती. तपासणीचा हेतूच फसला.

अमेरिकेचा अनुभवही ध्यानात घेण्याजोगा आहे. तेथील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने १९७१ पासून आपल्या वस्त्यांत मोफत सिकलसेल तपासणी सुरू केली, कारण सरकारचे या आजाराकडे लक्ष नव्हते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच पक्षाचे नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून नाव घेतले, लढाऊपणा घेतला. रक्त तपासणीचे काम मात्र आपल्या नजरेतून निसटले. १९७२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी राष्ट्रीय कायदाही झाला. पण जेथे शिक्षण न देता सक्तीने तपासण्या झाल्या, तेथे निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. अमेरिकन हवाई दलाच्या अकादमीची दारे वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती.

या दोन्ही अनुभवांचा बोध एकच आहे. आधी समजावून सांगावे, मग तपासावे, आणि अहवाल ज्याचा त्याच्याच हाती द्यावा.

आपल्या संस्थेने काय करावे?

दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वी घरातून सुरुवात करू. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्ममध्ये उंची आहे, वर्ण आहे, शिक्षण आणि पगार आहे. 'आपली सिकलसेल तपासणी झाली आहे काय?' हा प्रश्न नाही. तो यंदापासून असावा. उत्तर पुस्तिकेत छापू नये. दोन्ही कुटुंबांनी बोलणी पुढे नेण्याआधी आपसात अहवाल पाहावेत. आणि वाहक आहे म्हणून कोणत्याही स्थळाला नकार देण्याचे कारण नाही, हे त्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर ठळक छापावे. दोघेही वाहक निघाले तर निर्णय त्या दोघांचा. संस्थेने फक्त योग्य समुपदेशकापर्यंत त्यांना न्यावे.

दुसरे, दहावी-बारावीच्या गुणगौरव कार्यक्रमाला जोडून दरवर्षी तपासणी शिबिर घ्यावे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीत दोष आढळला तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी झाल्याशिवाय वाहक की रुग्ण हे ठरत नाही. ती पुढची चाचणी होईपर्यंत पाठपुरावा करण्याची जबाबदारी आरोग्य समितीने घ्यावी.

तिसरे, प्रत्येक वस्तीत दोन युवकांनी एक वही ठेवावी. कोणाच्या गोळ्या केव्हा संपतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात साठा आहे की नाही, हे लिहावे. साठा नसेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवून पोच घ्यावी. एस.टी.तील प्रवास सवलत, दिव्यांग प्रमाणपत्र, परीक्षेतील जादा वेळ यांसाठी कुटुंबासोबत कचेरीत जावे. एकटी आई गेली तर तिला उद्या या म्हणतात. सोबत चार शिकलेली मुले असली की काम त्याच दिवशी होते, हा आपला अनुभव आहे.

चौथे, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे घेतो. रुग्णांना रक्ताची ओढ उन्हाळ्यात, मे-जूनमध्ये अधिक लागते. एक शिबिर त्या दिवसांत घ्यावे.

शेवटी विनयपिटकाच्या महावग्गातील एक प्रसंग आठवतो. एक भिक्खू अतिसाराने घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी कारण विचारले, तेव्हा उत्तर आले की तो कोणाच्या उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाला घेऊन त्या भिक्खूला स्वतः न्हाऊ घातले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला समजावले की येथे तुम्हाला आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे.

जो उपयोगी पडत नाही तो दुर्लक्षित, हा जगाचा न्याय त्या दिवशी संघात मोडला गेला. हजेरी कमी म्हणून आम्ही ज्याची जागा काढून घेतली होती, तो मुलगा आज या सभागृहात बसला आहे. त्याच्या परवानगीने आम्ही हे सांगितले. त्याचे गेलेले वर्ष आम्ही परत देऊ शकत नाही. पण यापुढे आपल्या अभ्यासिकेच्या नियमावलीत एक ओळ वाढविलेली आहे : आजारपणाची गैरहजेरी धरली जाणार नाही. ओळ लहान आहे. अशाच लहान ओळी शाळेच्या, दवाखान्याच्या, कचेरीच्या आणि आपल्या घराच्या नियमावलीत वाढविण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.